टाइप व्हेरिएबलचा की ऑब्जेक्टचा? जावातला नेहमीचा घोळ

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो आणि इन्हेरिटन्सची (एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेण्याची) व्याख्या घडाघडा म्हणणारी पोरंसुद्धा इथे अडकतात. समजा 'वाहन' नावाचा क्लास (ऑब्जेक्ट बनवायचा साचा) आहे आणि 'रिक्षा' त्याला एक्स्टेंड करते, म्हणजे त्याचाच एक प्रकार आहे (हो, क्लासची नावं देवनागरीत दिली तरी जावाला चालतात, कीवर्ड तेवढे त्याचेच वापरायचे). दोन्हीत भाडे() ही मेथड (ऑब्जेक्टला सांगायचं काम) आहे. आता वाहन टाइपचं एक व्हेरिएबल घेतलं, त्याला 'व' म्हणू, आणि न्यू करून (म्हणजे नवीन ऑब्जेक्ट बनवून) त्यात रिक्षा टाकली. व.भाडे() म्हटलं तर कोणाचं भाडं येणार?

रिक्षाचं. कारण इथे टाइप एक नाही, दोन आहेत. एक व्हेरिएबलचा, जो आपण कोडमध्ये लिहिला आणि जो फक्त कंपायलर (कोड चालवण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा) बघतो. दुसरा ऑब्जेक्टचा, जो न्यू म्हटलं त्या क्षणी ठरतो आणि ऑब्जेक्ट मेमरीत आहे तोवर बदलत नाही. 'व' मध्ये खरं तर रिक्षा नसतेच, तिचा पत्ता असतो. त्यामुळे मीटर() ही मेथड नुसती रिक्षातच असेल तर व.मीटर() कंपाइलच होत नाही, समोर रिक्षा उभी असली तरी! कंपायलरला दिसतं ते फक्त वाहन.

मग रन करताना जेव्हीएमला (कंपाइल झालेला कोड चालवणाऱ्या यंत्रणेला) कसं कळतं? प्रत्येक ऑब्जेक्टच्या सुरुवातीला एक हेडर असतो, हॉटस्पॉट या नेहमीच्या 64-बिट जेव्हीएममध्ये साधारण 12 बाइटचा, आणि त्यातले 4 बाइट 'माझा क्लास कुठला' हे सांगायला राखलेले. तिथून त्या क्लासचं मेथड टेबल सापडतं, त्यात भाडे()च्या खणात रिक्षाने स्वतःच्या मेथडचा पत्ता ठेवलेला असतो, की झालं काम. ही कल्पना जावाची नाही बरं का, ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी केलेल्या सिम्युला 67 मध्येच ती होती. सी++ मध्ये त्यासाठी मुद्दाम व्हर्च्युअल लिहावं लागतं, 1995 साली आलेल्या जावाने ते बाय डिफॉल्ट करून टाकलं.

खरी गंमत पुढे आहे. हा नियम साध्या मेथडपुरताच. फील्ड (ऑब्जेक्टमधली माहिती) आणि स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्टची नव्हे, क्लासची मेथड) व्हेरिएबलच्या टाइपवरूनच ठरतात, म्हणजे दोन्ही क्लासमध्ये 'रंग' फील्ड असेल तर व.रंग वाहनाचा मिळणार. ओव्हरलोडिंगचंही (नाव एकच, पण वेगळे टाइप घेणाऱ्या मेथड) तेच: धुवा(वाहन) आणि धुवा(रिक्षा) अशा दोन मेथड असतील आणि 'व' पाठवला तर पहिलीच चालते, कारण निवड कंपाइल करतानाच झालेली असते. माझ्या मते ओव्हरराइडिंग (रिक्षाने वाहनाची भाडे() स्वतःची लिहिली ते) आणि ओव्हरलोडिंग एकाच धड्यात शिकवणं हेच मुळात चुकतं.

आणि कास्ट, म्हणजे 'व' ला रिक्षा म्हणून वापरायला सांगणं. पुष्कळांना वाटतं कास्ट केलं की ऑब्जेक्ट बदलतं. अजिबात नाही, आपण कंपायलरला फक्त सांगतो की बाबा ही रिक्षाच आहे, माझ्यावर सोड. जेव्हीएम मात्र हेडर तपासतं आणि तिथे टॅक्सी (वाहनाचाच दुसरा प्रकार) निघाली की क्लासकास्टएक्सेप्शन ही एरर तोंडावर. म्हणून आधी इन्स्टन्सऑफने 'ही रिक्षाच आहे का' असं विचारायचं, आणि जावा 16 पासून तर विचारता विचारताच नवीन व्हेरिएबल मिळतं, वेगळा कास्ट लागत नाही. पण दर चार ओळींनी इन्स्टन्सऑफ लिहावं लागत असेल तर ते काम बहुधा ओव्हरराइड केलेल्या मेथडचं होतं.

अ‍ॅरे (एकाच टाइपच्या वस्तूंची ठरावीक लांबीची रांग) पण आपला टाइप लक्षात ठेवतो. रिक्षांचा अ‍ॅरे वाहन-अ‍ॅरे म्हणून पुढे पाठवता येतो, त्यात टॅक्सी घालणारा कोडही कंपाइल होतो, आणि रनटाइमला अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन येतं. लिस्टचं उलटं आहे. 2004 मध्ये जावा 5 ने जेनेरिक्स (लिस्टमध्ये कुठला टाइप जाणार हे लिहायची सोय) आणले, पण जुना कोड चालत राहावा म्हणून तो टाइप कंपाइल झाल्यावर पुसला जातो, त्यामुळे रिक्षांची अ‍ॅरेलिस्ट आणि टॅक्सींची अ‍ॅरेलिस्ट, दोघींना गेटक्लास() ('तुझा क्लास कुठला') विचारा, उत्तर एकच येतं: अ‍ॅरेलिस्ट.