पुनरुत्थान : श्रद्धा आणि संशय

ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती श्रद्धाविषय व त्याच्याशी आरंभापासून निगडित असलेली संशयाची परंपरा. येशू ख्रिस्त वधस्तंभावर मरण पावला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला, ही घोषणा म्हणजे पुनरुत्थान. वधस्तंभाच्या घटनेचे वर्ष सामान्यतः इ. स. ३० किंवा ३३ धरतात. बहुसंख्य अभ्यासकांचा कल ३० कडे आहे. प्रस्तुत नोंदीत सिद्धांताचा समग्र आढावा नसून, मूळ कथनांत संशयाला मिळालेले स्थान, त्यासाठी मराठीत रूढ झालेले शब्द आणि कोल्हापूर परिसराचा संदर्भ एवढेच पाहिले आहे.

मराठी वाचकाच्या मनात ‘पुनरुत्थान’ या शब्दाभोवती तीन शेजारी कल्पना सहज गोळा होतात : पुनर्जन्म, संजीवन समाधी आणि सदेह वैकुंठगमन. पुनर्जन्मात जीव दुसरा देह घेतो. येथे देह तोच, पण पालटलेला. ज्ञानेश्वरांच्या समाधीत आणि तुकारामांच्या वैकुंठगमनात भक्तपरंपरा सर्वसामान्य अर्थाने मृत्यू झाला असे मानतच नाही. पुनरुत्थानात मात्र मृत्यू आधी पुरता कबूल केलेला असतो. मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धासूत्रात, ‘मरण पावला, पुरला गेला’ हे शब्द त्यासाठीच आहेत. येशूने मेलेल्यांतून उठवलेला बेथानीचा लाजर उठला तोही या अर्थाने नव्हे, कारण तो पुढे पुन्हा मरणारच होता.

संशयाचे शब्द : मराठी ‘संशय’ हा शब्द गीतेतील ‘संशयात्मा विनश्यति’ या वचनाची छाया घेऊनच येतो, त्यामुळे तो ऐकताच दोषारोप वाटतो. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तविषयक भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये मात्र एकच एक शब्द नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्रकथनाच्या) शेवटी (२८:१७) ‘दिस्ताझो’ हे क्रियापद येते. ‘दिस’ म्हणजे दोनदा. अर्थ द्विधा होणे, पाऊल अडखळणे. हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी आहे, आणि दोन्ही मत्तयातच : दुसरे ठिकाण म्हणजे पाण्यावरून चालता चालता बुडू लागलेला शिष्य पेत्र (१४:३१). लूकच्या कथनात (२४:३८) ‘दियालोगिस्मोस’, म्हणजे मनात उठणारे तर्कवितर्क, असा शब्द आहे. याकोबाच्या पत्रात (१:६) समुद्राच्या लाटेसारखा हेलकावणारा मनुष्य ‘दियाक्रिनोमाय’ या क्रियापदाने दाखवला आहे. त्यात स्वतःशीच वाद घालण्याची छटा आहे. थोमाला उद्देशून वापरलेला शब्द (योहान २०:२७) ‘आपिस्तोस’, म्हणजे विश्वास न ठेवणारा. संशयी म्हणून जगभर नाव झालेल्या शिष्याच्या कथेत संशयवाचक शब्द नाहीच, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

मत्तय २८:१७ मधील वाक्यरचना विशेष वादग्रस्त आहे. अकरा शिष्य गालीलातील डोंगरावर येशूला पाहून नमन करतात, आणि लगेच ‘होई दे एदिस्तासान’ असे तीन शब्द येतात. याचे तीन अर्थ लावले जातात : (१) अकरांपैकी काहींना संशय आला, (२) अकरांखेरीज तेथे हजर असलेल्या इतरांना आला, (३) ज्यांनी नमन केले तेच सगळे द्विधाही झाले. दुसऱ्या अर्थासाठी संहितेत नसलेली माणसे डोंगरावर आणावी लागतात; शिष्यांची लाज राखण्याचा तो प्रयत्न दिसतो. मराठी भाषांतरे ‘कित्येकांना’ असा पहिला अर्थ घेतात आणि व्याकरणाच्या दृष्टीने ते अधिक सुरक्षित आहे. तथापि पेत्राच्या प्रसंगाशी ताडून पाहता तिसरा अर्थही सहज फेटाळता येत नाही : तेथेही हाक मारणारा आणि बुडणारा एकच आहे. यानंतर येशू संशय घेणाऱ्यांना बाजूला काढत नाही. सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा तो सगळ्यांना मिळून देतो.

इतर कथनांतही हेच आढळते. कबरेवरून परतलेल्या स्त्रियांचे बोलणे शिष्यांना ‘लेरोस’ वाटले (लूक २४:११). वैद्यकीय लेखनात हा शब्द तापातील बरळण्यासाठी वापरला जाई. नव्या करारात तो अन्यत्र येत नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या उपलब्ध संपूर्ण प्रतींत, म्हणजे चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या हस्तलिखितांत, शुभवर्तमान १६:८ येथे, स्त्रिया भ्यायल्या व कोणाला काही बोलल्या नाहीत, या वाक्यावर थांबते. पुढील बारा वचने नंतरची भर असावीत असे आता बहुतेक संहिताचिकित्सक मानतात. मूळ शेवटचे पान हरवले असावे, हे मत मागे पडत चालले आहे.

थोमा : योहानाने थोमाला (‘दिदुम’, म्हणजे जुळा) चारदा बोलते केले आहे. ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असे म्हणणारा (११:१६) आणि ‘आपण कोठे जाता हे आम्हांला ठाऊक नाही’ असे सरळ सांगणारा (१४:५) तोच. खिळ्यांच्या व्रणात बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, ही त्याची अट प्रसिद्ध आहे; पण त्याने खरोखर बोट घातले असे योहान कोठेही म्हणत नाही. ते चित्रकारांनी घातले, विशेषतः काराव्हाज्जोने (सु. १६०१). इतर शिष्यांनी जे आठवड्यापूर्वी पाहिले होते त्याहून थोमाने फारसे अधिक मागितलेले नाही, हेही नमूद करायला हवे. तो इ. स. ५२ मध्ये केरळात आला ही परंपरा दृढ आहे. त्याच्या भारतयात्रेविषयीचे जुने लेखन तिसऱ्या शतकाच्या आरंभीचे असून ते त्याला वायव्येकडील गोंडोफर्नीसच्या राज्यात नेते.

पुनरुत्थानाचा सर्वांत जुना लेखी आधार प्रेषित पौलाच्या, ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (सु. ५३–५५). त्यातील १५:३–७ हे सूत्र पौलाला आधीच तोंडी मिळालेले असून ते इ. स. ३० ते ३९ या दशकातले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. त्यात पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू व याकोब ही साक्षीदारांची नावनिशी आहे. स्त्रियांचा व रिकाम्या कबरेचा उल्लेख नाही. मृतांचे पुनरुत्थान नाहीच, असे म्हणणारे करिंथच्या मंडळीतच होते. पौल त्यांना मंडळीबाहेर काढण्याची भाषा करत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपली घोषणाच व्यर्थ, असा तर्क मांडतो. स्वतःची श्रद्धा अशी पणाला लावणारे विधान धर्मग्रंथांत विरळाच.

आधुनिक जर्मन चिकित्सेत रायमारुसने (१६९४–१७६८) शिष्यांनी प्रेत पळवल्याचा जुना आरोप नव्याने मांडला. श्ट्राउसने १८३५ मध्ये मिथककथेची उपपत्ती दिली. बुल्टमानने पुनरुत्थान घोषणेत घडते, इतिहासात शोधण्याजोगे नाही, असे म्हटले. पानेनबेर्गने ते पुन्हा इतिहासाच्या कक्षेत आणले. शिष्यांना उत्कट अनुभव आले याविषयी फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्या अनुभवांच्या कारणाविषयी.

कोल्हापूर : येथे प्रॉटेस्टंट कार्याचा आरंभ १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर यांच्या आगमनाने झाला असे सामान्यतः धरतात. मिशनशाळांच्या प्रश्नावर त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाशी मतभेद झाल्यानंतर ते १८६१ मध्ये स्वतंत्रपणे परतले आणि १८७० मध्ये हे कार्य प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. त्यामुळे आरंभवर्ष म्हणून कोणी १८५२ तर कोणी १८७० देतो. संस्थेचा नव्हे तर मंडळीचा आरंभ विचारात घेतल्यास पहिले वर्षच योग्य ठरते. वाइल्डर यांचे पुत्र रॉबर्ट, पुढे विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचे एक प्रवर्तक, १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च या घराण्याचे नाव चालवते. प्रेसबिटेरियन परंपरा १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत व १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली.

या भागात पुनरुत्थानाविषयीची शंका बहुधा देहाविषयी असते, आणि ती स्वाभाविक आहे. कोल्हापुरी वृत्तपत्रांतील निधनवार्ता ‘रक्षाविसर्जन’ कधी, या ओळीने संपते. अस्थी आणि राख पंचगंगेत गेल्यावर उठायचे काय, असा हा प्रश्न. तो नवा नाही. इ. स. १७७ मध्ये लियाँ येथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख रोन नदीत लोटली गेली, ती त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस याने उद्धृत केलेल्या पत्रात आहे. धर्मवेत्ता ऑगस्टीनने (३५४–४३०) अग्नीने किंवा श्वापदांनी नष्ट केलेल्या देहांचा विचार करून निर्मात्याला काहीच हरवलेले नसते, असे उत्तर दिले. पौलाचे उत्तर शेतकऱ्याला अधिक जवळचे : पेरतो तो दाणा, उगवते ते रोप (१ करिंथ १५:३७). ख्रिस्ती दफनविधीत हाच अध्याय वाचला जातो. मृतांना ‘प्रभूमध्ये निजलेले’ म्हणण्याची रीतही त्याच कल्पनेतून आली. दफनभूमीसाठीचा ग्रीक शब्द ‘कोइमेतेरिओन’ याचा मूळ अर्थच निजण्याची जागा असा आहे.

ईस्टरची तारीख २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार अशी ठरते. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातील असल्याने पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. बहुतेक वर्षी ती चैत्री पौर्णिमाच असते, म्हणजे वाडी रत्नागिरीवरील जोतिबाच्या यात्रेची. २०२३ मध्ये चैत्री पौर्णिमा ६ एप्रिलला व ईस्टर ९ एप्रिलला आले : डोंगरावर गुलाल आणि सासनकाठ्या, आणि त्याच आठवड्यात शहरात उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना. काही वर्षी मात्र ही पौर्णिमा फाल्गुनाची, म्हणजे होळीची निघते. २०२४ मध्ये तसे झाले. ईस्टर ३१ मार्चला होऊन गेले आणि जोतिबाची पौर्णिमा २३ एप्रिलला आली.