प्रोबमागची सतरा माणसे

मॉनिटरवर प्रोब, म्हणजे रंग मोजणारे उपकरण, टेकवायचा, सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवते, काही मिनिटांत प्रोफाइल, म्हणजे त्या पडद्याच्या रंगांचे वर्णन, तयार. छायाचित्रकार, छपाईपूर्व काम करणारे, व्हिडिओचे कलरिस्ट या सगळ्यांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की त्या लहानशा उपकरणाला रंग मोजता कसा येतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर १९२०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये आहे. ते ठाऊक नसेल तर आज मॉनिटरसमोर बसून पडणारी अर्धी कोडी सुटत नाहीत.

प्रकाशाची तीव्रता मोजता येते, तरंगलांबी मोजता येते. रंग मात्र डोळा आणि मेंदू मिळून तयार करतात. त्यामुळे रंग मोजायचा तर आधी माणूस मोजावा लागतो. तीन दिव्यांच्या मिश्रणातून जवळपास कोणताही रंग जुळवता येतो, हे जेम्स क्लर्क मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवले होते. पण त्याचे भरवशाचे आकडे यायला १९२८-२९ उजाडले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये डेव्हिड राइटने १० निरीक्षक बसवले. त्याच सुमारास टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्डने ७ निरीक्षकांवर स्वतंत्रपणे काम केले. समोर दोन भागांत विभागलेले इवलेसे क्षेत्र, दोन अंशांचे. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख जेवढे दिसते, साधारण तेवढे. एका भागात एकाच तरंगलांबीचा शुद्ध प्रकाश, दुसऱ्यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे मिश्रण. मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत निरीक्षकाने तिन्हींचे प्रमाण कमी-जास्त करत राहायचे, आणि पुढची तरंगलांबी आली की पुन्हा पहिल्यापासून.

काही रंग, विशेषतः निळसर हिरवे, काही केल्या जुळत नसत. मग लाल प्रकाश मिश्रणातून काढून समोरच्या बाजूला मिसळावा लागे आणि नोंदीत त्याचा आकडा ऋण धरला जाई. तीन खरे रंग घेऊन माणसाला दिसणारे सगळे रंग कधीच बनवता येत नाहीत, ही गोष्ट तेव्हाच कागदावर आली. कोणत्याही मॉनिटरचा रंगपल्ला, म्हणजे त्याला दाखवता येणाऱ्या रंगांचा आवाका, अपुरा का असतो, याचे मूळ तिथेच आहे.

राइट आणि गिल्ड यांची उपकरणे वेगळी, मूळ दिवे वेगळे, माणसे वेगळी. तरीही एकाच पायावर आणल्यावर दोघांचे आकडे चांगले जुळले. सप्टेंबर १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाची, म्हणजे सीआयईची, बैठक केंब्रिजला भरली आणि या १७ जणांच्या सरासरीतून ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीसाठी तिन्ही रंग किती लागतात हे सांगणारे वक्र, ठरला. तेव्हा गणिते हाताने करावी लागत. ऋण आकड्यांचा त्रास टळावा म्हणून एक्स, वाय, झेड अशा तीन काल्पनिक प्राथमिक रंगांत सगळे मांडले गेले. त्यातला वाय १९२४ सालीच मान्य झालेल्या तेजाच्या वक्राशी, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला डोळा किती संवेदनशील हे सांगणाऱ्या वक्राशी, बांधला. ही शेवटची तडजोड लक्षात ठेवावी. पुढे तिने बराच त्रास दिला.

आजचा प्रोब म्हणजे या प्रमाण निरीक्षकाची नक्कल करण्याचा प्रयत्न. कलरिमीटरमध्ये प्रकाशसंवेदकांवर रंगीत फिल्टर असतात आणि त्यांचा प्रतिसाद १९३१च्या वक्रांशी शक्य तितका मिळताजुळता ठेवलेला असतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर वेगळ्या वाटेने जातो. तो प्रकाशाचे तरंगलांबीनुसार तुकडे करतो, प्रत्येक तुकडा मोजतो आणि मग आकडेमोड करून त्याच वक्रांना लावतो. पहिला झटपट, आणि काळ्याच्या जवळच्या छटांत जास्त भरवशाचा. दुसरा हळू, अंधाऱ्या छटांत चाचपडणारा, पण कोणताही पडदा समोर आला तरी गोंधळत नाही.

आता पडद्याकडे वळू. मॉनिटर ‘बरोबर’ करण्याची कल्पना टीव्हीच्या जगातून आली. पिक्चर ट्यूबच्या इलेक्ट्रॉन गनला दिलेला व्होल्टेज आणि पडद्यावरचे तेज यांचे नाते सरळ रेषेत नसून घातांकी असते. तोच गॅमा. तो गनच्या भौतिकीतून येतो. फॉस्फरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळताच चमकणाऱ्या पडद्यावरच्या लेपाचा, त्यात हात नाही. फॉस्फर रंग ठरवत. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी जे तीन प्राथमिक रंग ठरले, ते पुढच्या काळात जास्त तेजस्वी फॉस्फरांच्या मागे लागून कारखान्यांनी सोडूनच दिले. प्रमाण एक, बाजारातल्या नळ्या दुसऱ्याच, आणि प्रसारणगृहातल्या तंत्रज्ञाने त्या मोजून-जुळवून घ्यायच्या. त्याहून विशेष म्हणजे गॅमाचा वक्र. सगळे चित्र-उत्पादन त्यावर उभे असूनही, संदर्भ-पडद्याच्या वक्राचा घातांक २.४ असावा हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीटी.१८८६ या शिफारशीत २०११ साली लिहिले, म्हणजे नळ्यांचा काळ सरल्यावर. तोवर नळीच प्रमाण होती. प्रमाण एखाद्या यंत्राच्या स्वभावावर सोडले, की ते यंत्र बंद पडल्यावर काय होते याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

संगणकावर पुस्तके-मासिके मांडली जाऊ लागली तेव्हा हा प्रश्न टीव्हीबाहेर आला. नळी तापून स्थिरावायला अर्धा तास घेई आणि वय वाढले की तिचे तेज उतरे. काचेला रबरी चकतीने चिकटणारे प्रोब आले. पडदा सेकंदाला अनेकदा उजळून विझत असल्याने त्यांना पूर्ण फेऱ्यांची बेरीज घ्यावी लागे. ज्यांना प्रोब परवडत नव्हता त्यांच्यासाठी ॲडोबी गॅमासारखी साधने होती: बारीक पट्ट्यांचा नमुना आणि सलग करडा चौकोन शेजारी ठेवायचे आणि डोळे बारीक करून जुळवायचे. गॅमापुरते ते बऱ्यापैकी चाले. पांढऱ्यासाठी ते निरुपयोगी, कारण समोरच्या पांढऱ्याशी डोळा काही मिनिटांत जुळवून घेतो.

खरा पालट १९९३ साली झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा विचार तोच आहे. ॲपलने कलरसिंक आणले. त्याच वर्षी ॲडोबी, आग्फा, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन आणि टॅलिजेंट अशा आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सोर्टियम, म्हणजे आयसीसी, स्थापन केले. तोवरची धडपड होती प्रत्येक यंत्र एकसारखे करण्याची. आयसीसीने म्हटले, यंत्र जसे आहे तसे असू द्या, फक्त ते कसे आहे हे प्रामाणिकपणे लिहून ठेवा. ते लेखी वर्णन म्हणजे प्रोफाइल. प्रत्येक यंत्राचा रंग एका सामाईक, यंत्रनिरपेक्ष भाषेत न्यायचा आणि तिथून दुसऱ्या यंत्राच्या भाषेत. ती सामाईक भाषा अर्थातच १९३१चे एक्स-वाय-झेड, किंवा त्यातून १९७६ साली काढलेली लॅब ही रंगमांडणी. तिचा पांढरा डी५० हा प्रमाण प्रकाश ठरला, कारण छापील कागद त्या प्रकाशात तपासण्याची पद्धत मुद्रणात रुळलेली होती.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग ही दोन कामे आजही वेगळी आहेत ती यामुळेच. कॅलिब्रेशन पडदा बदलते: पांढरा अमुक, तेज अमुक, वक्र अमुक. प्रोफाइल काहीच बदलत नाही. कॅलिब्रेट झालेला पडदा प्रत्यक्षात कसा वागतो एवढेच सांगते. पहिले टीव्हीवाल्यांच्या परंपरेतून आले, दुसरे मुद्रणाच्या गरजेतून. दोन्ही एकाच बटणामागे लपल्यामुळे गोंधळ होतो. ॲपलने कॅलिब्रेशनचे वक्र प्रोफाइलच्याच फाइलमध्ये ‘व्हीसीजीटी’ नावाच्या खासगी टॅगखाली ठेवायला सुरुवात केली आणि इतरांनी ते उचलले. फाइल एक, पण तिचे दोन वाचक. वक्र ग्राफिक्स कार्डात भरले जातात आणि सगळ्या पडद्यावर लागू होतात. उरलेले वर्णन मात्र रंगव्यवस्थापन जाणणारे प्रोग्रॅमच वाचतात. प्रोफाइल लावूनही एका प्रोग्रॅममध्ये फोटो नीट आणि दुसऱ्यात भडक का दिसतो, याचे कारण इथे आहे. ग्रॅम गिल यांच्या आर्गिल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही कामे वेगवेगळ्या आज्ञांनी होतात, आणि ती एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय हा फरक मनात पक्का बसत नाही असा माझा अनुभव आहे.

दरम्यान १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे मॉनिटरच्या रंगांचे प्रमाण मांडले. त्याची भूमिका उलटी होती: सरासरी मॉनिटर असाच असतो असे धरून चालू, मग वर्णनाची गरजच नाही. नळ्यांच्या काळात ते बरेचसे खरे होते.

मग सपाट पडदे आले आणि प्रोबचे दिवस कठीण झाले. नळ्यांचे फॉस्फर बहुतेक एकाच कुळातले, त्यामुळे फिल्टर १९३१च्या वक्रांपासून थोडे ढळले तरी कारखान्यातल्या एकाच दुरुस्तीने ती चूक झाकता येई. एलसीडीच्या मागे आधी फ्लुरोसंट दिवे आले, ज्यांचा वर्णपट टोकदार सुळक्यांचा. मग निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर, मग रुंद रंगपल्ल्याचे बॅकलाइट, क्वांटम डॉट, आणि मागे दिवाच नसलेले, स्वतः उजळणारे ओएलईडी पडदे. प्रत्येकाचा वर्णपट निराळा, म्हणून प्रत्येकावर तोच कलरिमीटर निराळी चूक करतो. वर जुन्या प्रोबमधले फिल्टर उष्णतेने आणि दमटपणाने बदलत. कपाटात ठेवलेला प्रोबही काही वर्षांत पांढऱ्याला भलताच पांढरा म्हणू लागे. २०११ साली आलेल्या एक्स-राइटच्या आय-वन डिस्प्ले प्रोमध्ये टिकाऊ काचेचे फिल्टर होते, आणि त्या-त्या नगाची वर्णपटीय संवेदनशीलता त्याच्याच स्मृतीत नोंदलेली होती. पडद्याचा वर्णपट कळला की दुरुस्ती गणिताने काढता येते. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार विचारणारी यादी दिसते ती यासाठी, आणि तिथे अंदाजाने काहीतरी निवडणे म्हणजे सगळ्या मोजणीवर पाणी सोडणे.

सपाट पडद्यांसोबत आणखी एक सुधारणा झाली. ग्राफिक्स कार्डाच्या ८ बिटांत वक्र वाकवले की काही पायऱ्या गळतात आणि आकाशासारख्या मंद उतारांवर पट्टे उमटतात. चांगल्या मॉनिटरांनी या वक्रांची तालिका आपल्याच आत, जास्त बिटांत ठेवली. तेच हार्डवेअर कॅलिब्रेशन.

पण प्रोब निर्दोष असला तरी एक पेच उरतो, आणि तो त्या १७ जणांपर्यंत जातो. वाय ज्या १९२४च्या वक्राशी बांधला, तो निळ्या टोकाला, सुमारे ४६० नॅनोमीटरच्या खाली, डोळ्याची संवेदनशीलता कमी दाखवतो. डीन जड यांनी १९५१ साली दुरुस्ती सुचवली, पुढे १९७८ साली व्हॉस यांनी ती सुधारली, पण प्रमाण हलले नाही. जुन्या पडद्यांवर हा दोष फारसा जाणवत नसे. ओएलईडीचे प्राथमिक रंग अरुंद पट्ट्यांचे असल्याने तो उघडा पडला: प्रोबच्या हिशेबाने नळीचा आणि ओएलईडीचा पांढरा अगदी एक, पण शेजारी ठेवले तर डोळ्याला स्पष्ट वेगळे. सोनीला आपल्या व्यावसायिक ओएलईडी मॉनिटरांसाठी जड-व्हॉस यांच्या दुरुस्तीवर आधारलेला वेगळा पांढरा सुचवावा लागला तो याच कारणाने.

सीआयईने २००६ आणि २०१५ मध्ये डोळ्याच्या शंकूपेशींवर आधारलेले नवे वक्र प्रसिद्ध केले आहेत. पण एसआरजीबी, टीव्हीची प्रमाणे, आयसीसी प्रोफाइल यांचा प्रत्येक आकडा १९३१च्या भाषेत लिहिलेला असल्याने प्रोब अजून तीच भाषा बोलतात. म्हणून दोन भिन्न जातींचे पडदे शेजारी चालवणारे जाणकार एकाला संदर्भ धरतात, दुसऱ्याचा पांढरा डोळ्यांनी त्याच्याशी जुळवतात, मग तो जुळलेला पांढरा प्रोबने मोजतात आणि आलेले आकडेच दुसऱ्या पडद्याच्या कॅलिब्रेशनचे लक्ष्य म्हणून देतात.