सागरी सूक्ष्मजीवसमुदायांची रचना

समुद्रात सांडलेले तेल, नत्राचा अतिरेक, प्रवाळांचा ऱ्हास अशा बिघाडांवर उपाय म्हणून परस्परपूरक सूक्ष्मजीवांचा मेळ घालणे, किंवा तिथे असलेल्यांनाच हवी ती परिस्थिती पुरवणे, हीच सागरी सूक्ष्मजीवसमुदायांची रचना. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा. तो समजायला वाळवा-कऱ्हाडकडचा उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक, पाहावा.

ऊस तुटल्यावर पाचट न जाळता सरीत दाबतात आणि त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट नि कुजवणारे जिवाणू टाकतात. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. वरून खत दिले नाही तर जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात आणि फुटवे पिवळे पडतात. काही आठवड्यांनी थर उचलला की वरचे पान कडकच असते, खाली मात्र पांढऱ्या बुरशीचे जाळे आणि बोटांत चुरगळणारा काळा पाला. तेलाचीही गत हीच, कारण त्यातही कर्बाचाच भरणा. म्हणून १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातले तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा दगडगोट्यांवर नत्र-स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खत टाकले गेले. तेल खाणारे जिवाणू तिथे होतेच. त्यांच्यात कामाची वाटणीही असते: अल्कॅनिव्होरॅक्स तेलातल्या सरळ साखळ्या फस्त करतो, सायक्लोक्लास्टिकस वलयी संयुगांना भिडतो. बाहेरून सोडलेल्या एकट्या जिवाणूला टिकाव धरणे अवघड, कारण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू आधीच नांदत असतात.

खत घालून सगळे साधते असेही नाही. २००९ च्या भारत-जर्मन ‘लोहाफेक्स’ मोहिमेत शेवाळ वाढावे आणि त्याच्यासोबत कर्ब तळाकडे जावा म्हणून दक्षिण महासागरात लोह मिसळले. सिलिका कमी असल्याने डायटम (सिलिकेचे कवच असणारे सूक्ष्म शेवाळ) वाढले नाहीत, दुसरे शेवाळ वाढले ते बारीक प्राण्यांनी खाल्ले, आणि कर्ब फारसा तळाकडे गेलाच नाही.

नत्राचा अतिरेक रोखायला तो समुद्रापर्यंत पोचेतो थांबायचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानांत जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करतात. त्या पाण्याबरोबर नायट्रेट, म्हणजे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप, कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. अमेरिकेच्या आयोवा राज्यात अशा पाईपच्या तोंडाशी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेला चर करतात. त्यात पाणी तुंबून प्राणवायू संपतो; मग जिवाणू लाकडातला कर्ब खातात, श्वासाला नायट्रेट वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत जातो. अरबी समुद्राच्या प्राणवायू जवळजवळ नसलेल्या मधल्या थरातही हीच क्रिया अखंड चालू असते. मिरज-वाळव्यात असा चर करून पाहायलाच हवा. लाकडाच्या जागी दाणे काढलेली मक्याची कणसेही चालतील.