हेरिंग लासी

हेरिंग लासी : स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हेरिंग मासा साफ करून मिठात खारवणाऱ्या हंगामी कामगार स्त्रिया. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हजारो स्त्रियांनी हे काम केले. ‘लासी’ म्हणजे मुलगी, पण त्यांत पंधरा वर्षांच्या पोरींपासून विधवा आजींपर्यंत सगळ्या असत. स्कॉटिश स्त्रीच्या स्वावलंबनाचे उदाहरण म्हणून त्यांच्याकडे नेहमी बोट दाखवले जाते. ते योग्यच आहे. फक्त पिंपे, मीठ आणि बाजार पुरुष व्यापाऱ्याच्या मालकीचे होते, हे त्याबरोबर सांगायला हवे.

हंगाम माशांच्या थव्यांमागे सरके. उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्टॉर्नोवे व शेटलंडमधील लर्विक, पुढे विक, फ्रेझरबर्ग, पीटरहेड आणि शरदात थेट इंग्लंडमधील ग्रेट यारमथ व लोस्टॉफ्ट. लुईस बेटावरच्या गेलिक बोलणाऱ्या मुली खास आगगाड्यांनी यारमथला जात. कपडे, अंथरूण आणि विणकामाच्या सुया ‘किस्ट’ नावाच्या लाकडी पेटीत भरलेल्या असत. काम नसेल तेव्हा, अगदी रस्त्याने चालतानाही, हातात विणकाम असेच.

कामाचे एकक तिघींची तुकडी : दोघी मासे साफ करणाऱ्या, एक पिंपात रचणारी. पिंपाच्या तळाशी हात पोचावा लागे म्हणून रचणारी बहुधा उंच असे. बोटांना पिठाच्या पोत्यांच्या कापडाच्या चिंध्या दोऱ्याने घट्ट बांधून सगळ्या ‘फार्लिन’ नावाच्या लांब लाकडी हौदापाशी उभ्या राहत. छोट्या सुरीचे टोक गळ्यापाशी खुपसून मनगटाला एकच हिसका दिला की कल्ले व आतडी एकदम बाहेर येत. गाभोळी मात्र आतच ठेवायची. त्याच हालचालीत मासा आकार व गाभोळी पाहून मागच्या योग्य टोपात पडे. सराईत बाई मिनिटाला पन्नास-साठ मासे उरकत असे. ‘लार्ज फुल’ या प्रतीसाठी किमान ११¼ इंच, ‘फुल’ या प्रतीसाठी १०¼ इंच लांबी लागे. मोजपट्टी कुणाकडेच नसे. सगळी प्रतवारी नजरेने होई.

नंतर मासे मोठ्या टोपात मिठात घोळवत आणि पोट वर करून पिंपात रचत. प्रत्येक थर खालच्या थराला आडवा आणि मधे मीठ. साधारण १२० लिटरच्या पिंपात आकारानुसार ७०० ते १,००० मासे मावत. मीठ कमी पडले तर मासा मऊ पडून आंबतो, जास्त झाले तर कडक व कोरडा होतो. कल्ल्याचा तुकडा राहिला तर रक्ताने खार म्हणजे मिठाचे पाणी काळवंडते. आठ-दहा दिवसांत मासे आक्रसून खाली बसत. तेव्हा सुटलेला खार काढून त्याच दिवशीच्या दुसऱ्या पिंपातले मासे वर भरायचे, झाकण बसवायचे आणि बाजूच्या भोकातून खार परत ओतायचा. ही भर नीट घातली नाही तर हवा लागून माशातले तेल खवट व पिवळे होते. सरकारी मत्स्य मंडळाचा अधिकारी पिंप उघडून पाही आणि पसंत पडल्यावरच त्यावर राजमुकुटाचा शिक्का मारी. जर्मनी व रशियाच्या बाजारात या शिक्क्यावर भाव ठरे, आणि तो मिळवून देणारे कसब या बायकांच्या हातात होते.

हिवाळ्यातच व्यापारी ‘आर्ल्स’ म्हणजे विसार देऊन पुढचा हंगाम बांधून घेई. पैसे घेतले की दुसऱ्याकडे जाता येत नसे. हंगामात आठवड्याची ठरावीक मजुरी मिळे. शिवाय पिंपामागचा दर तिघींत वाटला जाई. बोट उशिरा आली तर दिव्याच्या उजेडात मध्यरात्र उलटेपर्यंत काम चाले, कारण शिक्क्यासाठी मासा पकडल्यापासून २४ तासांत साफ होऊन पिंपात पडणे आवश्यक होते. स्त्रियांच्या कामाच्या तासांना मर्यादा घालणाऱ्या कारखाना कायद्यांनी नेमके हेच काम त्या मर्यादेतून वगळले होते. सुरीच्या जखमांत मीठ शिरून त्या आठवडेच्या आठवडे चिघळत. बंदरांवर चर्चने मलमपट्टीची केंद्रे चालवली, ती उगाच नाही.

मिळकतीचा मोठा भाग घरी जाई. तरी हातात स्वतःचे पैसे येणे, परगावी मैत्रिणींसोबत राहणे आणि दुसऱ्या बंदरातला नवरा स्वतः पसंत करणे हे शेतघरात राबणाऱ्या किंवा मोलकरीण झालेल्या मुलीला सहज शक्य नव्हते. शिवाय या बायका दबून राहत नसत. मासे हौदात पडून असताना काम थांबले की व्यापाऱ्याचे नुकसान तासागणिक वाढे, आणि हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९३६ मध्ये यारमथला त्यांनी पिंपामागच्या दरवाढीसाठी मोठा संप केला. संघटनेची ताकद तुटपुंजी असतानाही असे संप होऊ शकले, याचे कारण एका गावच्या, एका चर्चच्या, बऱ्याचदा एका घरच्या बायका एकाच तुकडीत असत. एकीने सुरी खाली ठेवली की बाकीच्याही ठेवत.

१९०७ मध्ये स्कॉटलंडने सुमारे २५ लाख पिंपे खारवली. पहिले महायुद्ध व रशियन क्रांतीने पूर्वेची गिऱ्हाइके तोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर गोठवण्याचे तंत्र व यंत्रे आली आणि थवेही आटले. स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर आता या स्त्रियांचे पुतळे आहेत.