आध्यात्मिक शुष्कता

आध्यात्मिक शुष्कता : प्रार्थना, शास्त्रवाचन आणि उपासना नेहमीसारखी चालू असते, पण देव जवळ असल्याची जाणीव मात्र हरपते, अशा काळाला ख्रिस्ती परंपरेत हे नाव आहे. ‘काळोखी रात्र’, ‘देवाचे मौन’, ‘देवाने मुख लपवणे’ असेही म्हटले जाते. हा श्रद्धात्याग नव्हे. ज्याने देवाला मनातून सोडले, त्याला तो दूर गेल्याची टोचणी लागत नाही. इथे ती रात्रंदिवस लागलेली असते.

पवित्र शास्त्राने हा अनुभव झाकून ठेवलेला नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांतच ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. 88वे वळत नाही. त्यातला माणूस सकाळी हाक मारतो, रात्री हाक मारतो, जिवलग दुरावल्याचे सांगतो, आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ हा आहे. तरीही हे सारे गाऱ्हाणे तो देवाविषयी इतरांना सांगत नाही, देवालाच सांगतो. ‘तू’ हे संबोधन तो शेवटपर्यंत सोडत नाही. श्रद्धा टिकणे म्हणजे काय, हे याहून नेमके क्वचितच कुठे दिसते. वधस्तंभावर येशूने फोडलेला टाहोही (मत्तय 27:46) 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. ‘माझा त्याग का केलास?’ असे विचारतानाही हाक ‘माझ्या देवा’ अशीच आहे.

या अवस्थेचे सर्वांत सखोल विवरण स्पेनमधील कार्मेली (कार्मेल नावाच्या कॅथलिक संन्यासी संघातील) संन्यासी, क्रुसाचा संत योहान (1542–1591) याने केले. तो राबवत असलेल्या मठसुधारणेला विरोध असलेल्या त्याच्याच संघातील बांधवांनी डिसेंबर 1577 मध्ये त्याला पकडून तोलेदो येथे कोंडले. खोली जेमतेम माणूस मावेल एवढी; उजेडाला भिंतीत उंचावर एक फट. प्रार्थनेचे पुस्तक वाचायचे तर बाकावर चढून ते त्या फटीशी धरावे लागे. तिथे त्याने कविता रचल्या आणि ऑगस्ट 1578 मध्ये तो निसटला. ‘काळोखी रात्र’ ही त्याची प्रसिद्ध प्रतिमा पुढच्या काळातली. देव सुखद अनुभूती काढून घेतो, तो माणसाला अनुभूतीच्या ओढीतून मोकळे करून स्वतःकडे ओढण्यासाठी, असे त्याचे म्हणणे. ही रात्र ओळखण्याच्या तीन खुणा त्याने दिल्या : देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही आणि जगाच्या गोष्टींतही लागत नाही, आपण देवाची सेवा करण्यात कमी पडतो आहोत ही काळजी मनाला पोखरते, आणि पूर्वीसारखे चिंतन प्रयत्न करूनही जमत नाही. निव्वळ विषण्णता हे वेगळे दुखणे असू शकते, हेही त्याने सोळाव्या शतकात लिहून ठेवले. आज तर हा भेद पाळलाच पाहिजे. झोप, भूक, जगण्याची इच्छा ओसरत असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) याचा सल्ला अधिक व्यवहारी आहे. मन उजाड असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि तासाची प्रार्थना जड जात असेल तर ती तासाहून थोडी जास्तच करावी. शुष्कतेची कारणे त्याने तीन सांगितली : आपली हयगय, आपली परीक्षा, आणि सांत्वन ही कमाई नसून देणगी आहे हे उमगावे ही देवाची इच्छा. यांतले पहिलेच कारण धरून खचलेल्या माणसाला ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ असे सुनावणारे पुष्कळ भेटतात. बायबलमधील दुःखाने पोळलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केले, आणि देवाचा कोप त्यांच्यावर झाला (ईयोब 42:7).

प्रोटेस्टंट परंपरेलाही हे अपरिचित नाही. मार्टिन ल्यूथर अशा झुंजीत ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे’ या वाक्याला धरून राहत असे, कारण मनात काहीही दाटले तरी ती घडून गेलेली गोष्ट होती. 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राचा, म्हणजे इंग्लंडमध्ये तयार झालेल्या प्रोटेस्टंट श्रद्धाजाहीरनाम्याचा, अठरावा अध्याय मान्य करतो की खऱ्या विश्वासणाऱ्याची आपल्या तारणाविषयीची खातरीही डळमळू शकते.

फ्रान्समधील कार्मेली संन्यासिनी, लिझ्यूची संत तेरेझा (1873–1897) हिच्यावर 1896 च्या ईस्टरपासून मृत्यूपर्यंत असा अंधार होता. स्वर्ग आहे की नाही, इथवर शंका आली. तिने विश्वासांगिकार (ख्रिस्ती श्रद्धेचे ठरलेले कबुलीवचन) स्वतःच्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला. मदर तेरेसा यांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे सांगतात की, 1958 मधील काही आठवडे सोडता, जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाची जवळीक जाणवली नाही. ती पत्रे नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. ती उरली याबद्दल असंख्य थकलेली माणसे कृतज्ञ आहेत.

स्वतःचे शब्द आटतात तेव्हा मंडळीचे शब्द उसने घ्यावेत, हा बहुतेक पंथांत आढळणारा उपाय : प्रभूची प्रार्थना, स्तोत्रे, प्रभुभोजन, आणि आपल्यासाठी प्रार्थना करणारे दुसरे कोणीतरी. रोमन कॅथलिक नित्यप्रार्थनेत 88वे स्तोत्र दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत येते. ज्याचे मन त्या रात्री आनंदात आहे, तोही ते म्हणतो, ज्याच्याकडे शब्द उरलेले नाहीत त्याच्या वतीने.