अडीच मीटरचा हट्ट : स्मार्ट फोरटू आणि तिची भावंडं

२००९ साली अमेरिकेत आयआयएचएस या संस्थेनं (विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी, काम काय तर गाड्या फोडून बघायच्या) दोन गाड्या समोरासमोर आदळवल्या. एक मर्सिडीज सी-क्लास आणि दुसरी मर्सिडीजच्याच घरातलं शेंडेफळ, दोन माणसांची इवलीशी स्मार्ट फोरटू. दोघींचा स्पीड ताशी ६४ किमी. धडक झाली आणि स्मार्ट चक्क हवेत उडाली, ४५० अंश फिरली, म्हणजे एक पूर्ण गिरकी आणि वर अजून पाव. त्या धडकेत तिला 'पुअर' शेरा मिळाला. आता विशेष असं की हीच गाडी त्याच संस्थेच्या नेहमीच्या टेस्टमध्ये, म्हणजे एका ठरावीक अडथळ्यावर आदळवतात तिथं, 'गुड' घेऊन पास झालेली होती. मग खरं काय? दोन्ही खरं, आणि हे कसं ते कळलं की या गाडीची निम्मी कहाणी कळते.

अडथळ्यावर आदळताना गाडीला फक्त स्वतःची ऊर्जा पचवायची असते. हलकी गाडी, कमी ऊर्जा, संपला विषय. समोरून दुसरी गाडी आली की मात्र संवेगाचा हिशोब लागतो, तोच शाळेत घोकलेला वस्तुमान गुणिले वेग. सोपे आकडे घेऊ, छोटी ८०० किलो, मोठी १६०० किलो, दोघी ६४ च्या स्पीडनं एकमेकींवर येतायत आणि आदळून एकमेकींत अडकल्या असं धरू. हिशोब केला तर तो एकत्र गोळा मोठीच्या दिशेनं साधारण २१ किमीच्या वेगानं सरकतो. म्हणजे मोठीचा वेग ६४ वरून २१ वर आला, फरक ४३ चा. छोटीचा ६४ वरून शून्य आणि शून्यावरून उलट दिशेनं २१, फरक ८५ चा! आतल्या माणसाच्या मानेला, छातीला बसणारा झटका या फरकावर ठरतो, आणि छोटीतल्या माणसाच्या वाट्याला तो बरोब्बर दुप्पट आला. यात इंजिनिअरची चूक काही नाही, न्यूटनशी वाद घालता येत नाही.

बरं, एवढी छोटी गाडी करायची अवदसा आठवली कुणाला? मर्सिडीजवाल्यांच्या डोक्यात हे खूळ १९७० च्या दशकापासून होतं. १९८१ ला त्यांनी 'नाफा' नावाचा एक नमुना करून पण बघितला, लांबी अडीच मीटर, रुंदी दीड, उंची दीड. अडीच मीटरच का, तर युरोपातले ट्रक साधारण अडीच मीटर रुंद असतात, तेव्हा एवढी गाडी फुटपाथला आडवी, म्हणजे नाक फुटपाथकडे करून लावली तरी ती शेजारी उभ्या ट्रकच्या पुढे येत नाही. रोम किंवा पॅरिसच्या जुन्या गल्ल्यांत जिथं पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी, तिथं हा मुद्दा बारीक नाही. पण नाफा तशीच राहिली. मग स्वॉच घड्याळवाल्या निकोलस हायेक यांनी शहरासाठी स्वस्त, रंगीबेरंगी, दोन माणसांची गाडी काढायचं मनावर घेतलं. आधी फोक्सवॅगनशी जमवलं, ते फिसकटलं, मग १९९४ ला डायम्लर-बेन्झ, म्हणजे मर्सिडीजची मूळ कंपनी, तिच्याशी हातमिळवणी. हायेकना हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक हवी होती, डायम्लरनी पेट्रोल इंजिन बसवलं, आणि गाडी बाजारात आली त्याच सुमाराला हायेक भागीदारीतून बाहेर. कारखाना फ्रान्समध्ये, जर्मनीच्या सीमेजवळ हाम्बाखला. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये पहिली स्मार्ट विक्रीला आली, लांबी बरोबर २.५ मीटर.

आता अडीच मीटर हा आकडा एकदा धरून बसलं की पुढची प्रत्येक गोष्ट तोच ठरवायला लागतो. साधी गोष्ट, गाडीला बॉनेट उरत नाही. नेहमीच्या गाडीत पुढचा भाग चेपतो म्हणून आतली माणसं हळू थांबतात. ६४ किमीला अर्धा मीटर चेपायला मिळालं तर सरासरी त्वरण ३२ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३२ पट) पडतं, पाव मीटरच मिळालं तर सरळ ६४ जी. स्मार्टकडे चेपायला जागाच नाही, मग त्यांनी उलटा विचार केला. माणसांभोवती जाड, जास्त ताकदीच्या पोलादाचा एक पिंजरा केला, त्याचं नाव ट्रिडिऑन, आणि तो लपवला पण नाही, दाराभोवती वेगळ्या रंगाची जी कमान दिसते ना, चंदेरी किंवा काळी, तोच तो. बाकी बाहेरचे पत्रे प्लास्टिकचे, खरवडले तर काढून दुसरे लावा, कंटाळा आला तर रंगच बदला. चाकं अगदी टोकांना असल्यामुळे धडकेत ती सुद्धा भार घेतात आणि पिंजऱ्याकडे देतात. शिवाय पिंजरा कडक असला की एक फायदा होतो जो पटकन लक्षात येत नाही, समोरच्या मोठ्या गाडीचं बॉनेट चेपतं आणि ते तुमच्या पण कामाला येतं. थोडक्यात उसना क्रंपल झोन. समोर भिंत असेल तर अर्थातच उसनं कोण देणार.

इंजिन मागे, डिकीच्या फरशीखाली. पहिल्या गाडीत ५९९ सीसीचं, तीन सिलिंडर, टर्बो, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. पुढे ते ६९८ सीसी झालं, आणि मध्येच १९९९ ला ७९९ सीसीचं डिझेल आलं ज्याचं कंपनीनं सांगितलेलं अॅव्हरेज लिटरला २९ किमीच्या आसपास होतं. मागे इंजिन टाकायचं कारण सरळ आहे, पुढे टाकलं असतं तर पाय कुठं ठेवले असते. आपल्या नॅनोला पण इंजिन मागेच होतं आणि कारण साधारण हेच, पण नॅनो ३.१ मीटरची, चार माणसांची, आणि तिचा सगळा हट्ट किमतीचा होता. स्मार्ट स्वस्त कधीच नव्हती, लोक त्यावरून नावं ठेवायचे की अर्ध्या गाडीला पूर्ण गाडीचे पैसे.

मागे वजन, लांबी कमी, आणि वर रुंदीपेक्षा उंची थोडी जास्तच. हे तिन्ही एकत्र आलं की वळणावर काय होणार ते सांगायला नको. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या एका गाड्यांच्या मासिकानं मर्सिडीजच्या नव्या ए-क्लासला मूस टेस्ट दिली, म्हणजे समोर अचानक सांबरासारखं मोठं जनावर आलं तर स्टिअरिंग झटक्यात डावी-उजवी करायची, आणि ए-क्लास उलटली. अब्रू गेली ती ए-क्लासची, पण धडकी भरली स्मार्टवाल्यांना, कारण त्यांची गाडी अजून छोटी. लॉन्च पुढे ढकललं, सहा-सात महिने गाडीवर काम केलं, त्यातून ती १९९८ ची ऑक्टोबर तारीख आली.

त्यांनी केलं काय हे बघण्यासारखं आहे. मागे जड असलेली गाडी जोरात वळवली की तिची शेपूट बाहेर जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरायला लागते, साध्या ड्रायव्हरला हे सावरत नाही. म्हणून स्मार्टला पुढे अरुंद टायर आणि मागे रुंद. याचा अर्थ पुढची पकड मुद्दाम कमी ठेवली, वळणावर जास्त जोर केला तर आधी पुढची चाकं घसरणार, गाडी सरळ जाऊ बघणार, ड्रायव्हर घाबरून अॅक्सिलरेटर सोडणार, स्पीड कमी, गाडी परत ताब्यात. म्हणजे गाडीला जाणूनबुजून थोडं मठ्ठ केलं. जोडीला इलेक्ट्रॉनिक आवर घालणारी यंत्रणा दिली, २००३ पासून तर पूर्ण ईएसपी, जी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडीचं तोंड सरळ करते. मला विचाराल तर अशा छोट्या गाड्यांना सुरक्षित कुणी केलं असेल तर पोलादाच्याही आधी या यंत्रणेनं केलं, कारण न झालेल्या धडकेत संवेगाचा हिशोब करावाच लागत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना पहिल्या पिढीत जमलीच नाही, गिअरबॉक्स. सहा गिअर, क्लच पेडल नाही, क्लच मोटर दाबणार. प्रत्येक गिअर बदलताना इंजिनाचा जोर क्षणभर तुटायचा आणि बसलेल्यांच्या मुंड्या पुढे-मागे. दोष गिअरबॉक्सचाच, पण पहिल्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, फक्त १.८१ मीटर, आणि ब्रेक किंवा जोर तुटल्यावर पुढच्या चाकांवर सरकणारं वजन या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतं. अंतर कमी तितकी गाडी जास्त डोलणार. लांब सेडानमध्ये हाच गिअरबॉक्स एवढा खुपला नसता. तिसऱ्या पिढीत शेवटी साधा पाच गिअरचा मॅन्युअल आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असे दोन पर्याय दिले तेव्हा कुठे लोकांच्या माना वाचल्या.

अॅव्हरेजची गोष्ट तर याहून उलटी. सगळ्यांना वाटतं छोटी गाडी म्हणजे पेट्रोल कमी. २००८ चे अमेरिकन सरकारी आकडे बघा, फोरटूचं एकत्रित अॅव्हरेज लिटरला साधारण १५ किमी, आणि पाच माणसांच्या टोयोटा प्रियसचं १९ च्या वर. कारण हवेचा विरोध गाडीच्या लांबीवर नाही, तर समोरून ती किती मोठी दिसते आणि तिचा आकार कसा आहे यावर असतो. समोरून बघाल तर स्मार्ट काही तेवढी छोटी नाही, दोन माणसं शेजारी शेजारी ताठ बसलीयत. आणि मागून ती कापल्यासारखी संपते. हवेला परत एकत्र यायला निमुळती शेपटी लागते, ती नसली की मागे कमी दाबाचा भोवरा तयार होतो आणि तो गाडीला मागे खेचत राहतो. हा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो, त्यामुळे शहरात ४० ला काही वाटत नाही पण हायवेला १२० ला नऊपट. प्रियस मात्र लांब, निमुळती आणि हायब्रिड. हायेकना हायब्रिडच हवी होती हे इथं आठवतं.

एका बाबतीत मात्र ही गाडी खरंच अफाट, वळण्यात. २०१४ ला आलेली तिसरी पिढी रेनोबरोबर केली, रेनोच्या ट्विंगोला पण मग इंजिन मागे गेलं. पुढे इंजिन नाही, पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे नाहीत, म्हणून ती चाकं खूप जास्त वळू शकतात. टर्निंग सर्कल ६.९५ मीटर. आपल्याकडे ब्रोशरमध्ये रेडिअस छापतात, तर अल्टो ८०० चा रेडिअस ४.६ मीटर, हिचा साडेतीनच्या आत. लंडनच्या काळ्या टॅक्सीला कायद्यानं ७.६ मीटरच्या वर्तुळात वळावं लागतं, स्मार्ट त्याच्याही आत वळते.

आता भावंडं. २००२ ची क्रॉसब्लेड, फक्त २००० नग, तिला छत नाही, पुढची काच नाही, दारं नाहीत, दाराच्या जागी एक दांडा. हे जमलं कारण सगळी ताकद खालच्या सांगाड्यात, पत्रे नुसते नावाला. २००३ ची रोडस्टर जास्त गंभीर प्रयत्न, तेच ६९८ सीसी इंजिन मागे, ८२ हॉर्सपॉवर, पण व्हीलबेस २.३६ मीटर आणि उंची १.२ च्या आत, म्हणजे मूळ गाडीचे दोन्ही दोष एका फटक्यात काढले. लोकांना ती आवडली, पाणी गळतं म्हणून तक्रारी पण भरपूर, २००५ मध्ये बंद. चार माणसांची फोरफोर २००४ ला आली, ती तर मित्सुबिशी कोल्टची सख्खी बहीण, इंजिन पुढे, कारखाना नेदरलँड्समध्ये. मला ती कधीच पटली नाही, स्मार्टचं त्यात नाव सोडून काय होतं? ग्राहकांना पण बहुतेक हाच प्रश्न पडला, दोन वर्षांत गुंडाळली. फोरमोअर नावाची एसयूव्ही तर कारखान्याबाहेर पडण्याआधीच रद्द. दुसरी फोरफोर २०१४ ला ट्विंगोच्या सांगाड्यावर स्लोव्हेनियात व्हायला लागली, ती बरीच बरी. आणि मूळ फोरटू? ती २००७ मध्येच २.६९ मीटरची झाली होती, अपघाताचे आणि पादचारी सुरक्षेचे नियम अडीच मीटरमध्ये बसेनात.

इलेक्ट्रिक तिचा स्वभाव होता असं मला वाटतं, पण बॅटरी ठेवायला जागा तेवढीच. २००७ ला लंडनमध्ये १०० गाड्या चाचणीला दिल्या, त्यात झेब्रा बॅटरी होती, सोडिअम आणि निकेल क्लोराइडची, जी २७० अंशांच्या वर तापलेली ठेवावी लागते तरच चालते. गाडी उभी असली तरी तिला गरम ठेवायला वीज जाते! पुढच्या आवृत्तीला लिथिअम बॅटरी दिली टेस्लानं, आणि २००९ मध्ये डायम्लरनं टेस्लाचा जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, तेव्हा टेस्लाची अवस्था नाजूक होती. नंतर १७.६ किलोवॅट-तासांची स्वतःची बॅटरी आली आणि २०२० पासून युरोपात स्मार्ट फक्त इलेक्ट्रिक. एका चार्जला कागदावर दीडशेच्या आसपास किमी. शहराला पुष्कळ, पण त्या किमतीत चार सीटची, दुप्पट जाणारी गाडी मिळायला लागली होती.

२०२४ मध्ये शेवटची फोरटू बाहेर पडली. नाव आता चीनच्या गीली कंपनीबरोबर अर्ध्या भागीदारीत आहे आणि त्या नावाखाली सव्वाचार मीटरच्या आणि त्याहूनही लांब इलेक्ट्रिक एसयूव्ही चीनमध्ये बनतात. हाम्बाखचा कारखाना इनिऑस या ब्रिटिश कंपनीनं घेतला. तिथं आता ग्रेनेडिअर नावाची फोर बाय फोर बनते, मागच्या स्टेपनीसकट लांबी जवळपास ४.९ मीटर, वजन अडीच टनांच्या वर.