ॲपल क्रिस्प : गोव्यातील घरगुती रूप

ॲपल क्रिस्प हा सफरचंदाच्या फोडींवर मैदा, साखर, लोणी आणि बहुधा ओट्स यांचा चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ होय. त्याच्या तळाशी पिठाची पारी नसते आणि वर झाकणही नसते. खाली आंबटगोड रसाळ फळ आणि वर खरपूस, कुरकुरीत थर, एवढीच त्याची रचना. मूळचा तो उत्तर अमेरिकेतील सफरचंदाच्या तोडणीच्या दिवसांतला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला पदार्थ आहे. गोव्यात तो पारंपरिक खचितच नाही. मात्र चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत घरात फळे साठत जातात आणि ज्यांच्याकडे ओव्हन आहे अशा घरांत त्यांचे काय करावे या प्रश्नाला हे एक सोपे उत्तर ठरते.

पाश्चात्त्य पाककलेत भाजलेल्या फळांचे एक मोठे कुटुंबच आहे. पायमध्ये फळ पिठाच्या पारीत बंद असते, कॉब्लरमध्ये त्यावर मऊ पिठाचे गोळे ठेवतात, तर ब्राउन बेटीमध्ये फळ आणि पावाचा चुरा यांचे थर एकाआड एक रचतात. ब्रिटनमधील क्रम्बल हा क्रिस्पचा सख्खा भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लोणी आणि साखर रेशनवर मिळू लागली, तेव्हा पायच्या पारीपेक्षा कमी साहित्यात होणारा हा चुरा लोकप्रिय झाला, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेत ‘क्रिस्प’ या नावाची कृती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १९२०च्या दशकात छापलेली आढळते. चुऱ्यात ओट्स असतील तर क्रिस्प आणि नसतील तर क्रम्बल असा भेद काही जण करतात, पण तो काटेकोरपणे कोणी पाळत नाही. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीमुळे भारतातील हॉटेलांत ‘क्रम्बल’ हेच नाव जास्त दिसते.

ऋतूचा मेळ मात्र गोव्यात उलटा बसतो. पंचांगानुसार आश्विन आणि कार्तिक हा शरद ऋतू. गोव्यात पावसाळी भातपिकाला ‘सरद’ म्हणतात ते याच ऋतूच्या नावावरून, आणि हिवाळी पिकाला वायंगण. थंड प्रदेशात या दिवसांत पाने लाल होतात, हवा कोरडी होते आणि पेटलेल्या ओव्हनची ऊब हवीशी वाटते. गोव्यात पाऊस ओसरतो, भात कापणीला येते आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. दुपारचा पारा ३२-३३ अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि हवेतला दमटपणा कायम असतो. ज्या पदार्थाच्या नावातच कुरकुरीतपणा आहे, त्याच्यासाठी ही हवा वैरीण होय. गोव्यात क्रिस्प करणे म्हणजे प्रामुख्याने या दमट हवेशी आणि मऊ पडणाऱ्या लोण्याशी झगडणे, आणि कृतीतले जवळजवळ सगळे बदल त्यापायीच करावे लागतात.

सफरचंद गोव्यात पिकत नाही. डेलिशियस या सफरचंदाच्या वाणगटातील झाडांना फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात साधारण १,००० तास सात अंशांखालील थंडी लागते. गोव्याचा पारा थंडीतही त्याच्या जवळपास फिरकत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगाव, फोंडा येथील फळवाल्यांकडे जे सफरचंद मिळते ते बहुतांशी हिमाचल प्रदेश आणि काश्मीरमधून येते. हिमाचलची तोडणी जुलैपासून आणि काश्मीरची ऑगस्टअखेरीपासून पुढे चालत असल्यामुळे चतुर्थी ते दिवाळी हाच ताज्या फळाचा भरभराटीचा काळ ठरतो. येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. लाल डेलिशियस हे वाण मुळात अमेरिकेतील आयोवा राज्यातले. ते हिमाचलच्या कोटगढ परिसरात १९१६च्या सुमारास लावले सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी, जे पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले. म्हणजे पदार्थ अमेरिकन आणि फळाचे वाणही अमेरिकन; तरीही दोघांचे फारसे जमत नाही. डेलिशियसमध्ये आंबटपणा कमी असतो आणि भाजल्यावर त्याचा गर पिठूळ होऊन लगदा बनतो. भाजण्यासाठी आंबट, घट्ट गराचे फळ लागते. ग्रॅनी स्मिथ हे ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात उगवलेले हिरवे वाण त्यासाठी नावाजलेले आहे, पण येथे ते बहुधा आयात केलेले आणि महाग मिळते.

यावर घरगुती तोड अशी : सफरचंदे पूर्ण पिकलेली न घेता कडक, किंचित हिरवट झाक असलेली निवडावीत आणि फोडींना लिंबाचा रस सढळ हाताने चोळावा. आम्लामुळे फळाच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून फोड शिजूनही फोडच राहते. चिरलेल्या फळाचा काळसरपणाही त्याने रोखला जातो. फोडी बोटाच्या पेराएवढ्या जाड ठेवाव्यात. एक किलो सफरचंदांना दोन मोठे चमचे लिंबाचा रस, तीन-चार चमचे साखर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर पुरते. दालचिनी आणि जायफळ हे मूळ कृतीतलेच मसाले; फोंडा तालुक्यातील कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या मिश्र बागांत, सुपारीच्या सावलीत जायफळ पिकत असल्याने निदान या एका बाबतीत गोव्याला बाहेर पाहावे लागत नाही.

चुऱ्यासाठी १०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम लोणी हे प्रमाण चालते. बाजारातले पिवळे लोणी खारवलेले असल्यास वेगळे मीठ घालू नये. खरी कसोटी लोणी चोळण्याची आहे. थंड लोण्याचे बारीक तुकडे मैद्यात टाकून ते बोटांच्या टोकांनी, तळहात न लावता, असे मोडायचे असतात की मैद्याचा कण न् कण लोण्यात माखावा, पण लोणी पाघळू नये. मिश्रण ओल्या रव्यासारखे दिसू लागले आणि मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका वळला, तरी बोटाने ढकलताच तो फुटला, की थांबावे. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते. ऑक्टोबरच्या दुपारी गोव्यातले स्वयंपाकघर याच तापमानाला असते, त्यामुळे मिनिटभर जास्त चोळले की चुऱ्याचा गोळा होतो आणि भाजल्यावर त्याची सपाट, कडक वडी बनते. म्हणून परातीसकट पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे आणि चुरा सकाळी लवकर करून ठेवणे बरे. चोळून झाल्यावरही तो पुन्हा गार करावा. ओट्स आणि काजूचे तुकडे शेवटी मिसळावेत.

अमेरिकन कृतीतल्या तपकिरी साखरेच्या जागी माडाचा गूळ वापरण्याची कल्पना गोव्यात कोणालाही सुचेल. दोदोल या गोव्यातील मिठाईला जी काळसर, धुरकट गोडी येते ती याच गुळाची, आणि सफरचंदाशी ती उत्तम जुळते. मात्र हा गूळ ओलसर असतो आणि हवेतले पाणी ओढून घेतो; सगळी साखर काढून तोच घातला तर चुरा तासाभरात मऊ पडतो. निम्मी साखर आणि निम्मा किसलेला गूळ ही तडजोड स्वीकारार्ह आहे. त्याहून चांगले म्हणजे गूळ फळात घालावा आणि चुरा साखरेचाच ठेवावा.

भाजण्याच्या साधनाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. पोर्तुगीज काळापासून गोव्यात पोदेराचे (पाववाल्याचे) फोर्न, म्हणजे लाकूड पेटवून तापवण्याची घुमटाकार भट्टी, गावोगाव आहे. घरात मात्र ओव्हन नव्हता. तरीही वरची आच हे तत्त्व येथे परके नाही. बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ करताना थरागणिक वर निखारे ठेवून भाजतात, आणि त्याची बदामी-तपकिरी रेष त्या वरच्या आचेचीच असते. क्रिस्पला नेमकी तीच लागते. कुकरची शिटी काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून केक भाजण्याची युक्ती येथे फसते, कारण खालून फळ शिजते, वाफ झाकणाला लागून परत चुऱ्यावर ठिबकते आणि वर तयार होते ती पांढुरकी लापशी. छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये वरची व खालची अशा दोन्ही सळया चालू ठेवून, १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. पदार्थ झाला की नाही हे रंगापेक्षा कडेच्या बुडबुड्यांवरून नीट कळते : आधी ते पातळ असतात आणि भराभर फुटतात, रस आटून काकवीसारखा झाला की ते मोठे, चकचकीत होतात आणि सावकाश फुटतात.

या पदार्थात अंडे नसते. गोव्यातील हिंदू घरांत ही गोष्ट लहान नाही. सोमवारी किंवा सणाच्या दिवसांत शिवराक (शाकाहारी) जेवण असते, तेव्हा केकला असलेली अडचण क्रिस्पला नसते. चतुर्थीत पाहुण्यांनी आणलेली सफरचंदे, मोसंबी, केळी परड्यांतून पडून राहतात. केळ्यांचा हलवा होतो, मोसंब्यांचा रस निघतो, सफरचंदे मात्र एकेक करून सुरकुतत जातात. फळ सुरकुतले असले तरी आतून घट्ट असेल तर ते क्रिस्पला चालते; उलट त्यातले पाणी कमी झाल्याने चुरा कोरडा राहायला मदतच होते.

ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून, रस किंचित दाटला की क्रिस्प वाढतात. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम देण्याची रीत सर्वत्र आहे. गोव्यात नारळाचा घट्ट रस (नारळाचे दूध) गार करून तो वर ओतला तरी चव बिघडत नाही. उरलेला क्रिस्प झाकून ठेवू नये, कारण झाकणाखाली वाफ धरते. तो उघडाच निववून मग फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच दहा मिनिटे तापवावा. मायक्रोवेव्हमध्ये चुरा चिवट होतो. न भाजलेला चुरा डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिनाभर सहज टिकतो, आणि गोठलेला तसाच फळावर पसरता येतो.